तीन कोंबड्या, पंधरा अंडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

बोदो नावाचा एक शेतकरी होता. त्याच्या बायकोचे नाव एर्मेनत्रूद. त्यांना तीन मुले होती. बाराशे वर्षांपूर्वी, पॅरिस शहराच्या जवळच्या एका खेड्यात हे कुटुंब राहत होते. बोदो राजा नव्हता, सरदार नव्हता, संतही नव्हता. त्याने कुठली लढाई मारली नाही की कुठले पुस्तक लिहिले नाही. लिहिणार कसे? त्याला अक्षरओळखच नसणार. त्याचा राजा शार्लमेन, ज्याच्या नावाने युरोपच्या इतिहासात पानेच्या पाने भरलेली आहेत, त्यालाही धड लिहिता येत नव्हते. उशाखाली पाटी ठेवून तो रात्री अक्षरे गिरवायचा, पण वय निघून गेल्यामुळे हात वळला नाही, असे त्याच्या चरित्रकाराने, आइनहार्डने, लिहून ठेवले आहे.

तरीही बोदोबद्दल आपल्याला बरेच काही ठाऊक आहे. त्याच्याकडे किती जमीन होती, द्राक्षमळा किती, गवताचे कुरण किती, आठवड्यातले किती दिवस तो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, हे सगळे ठाऊक आहे. वर्षाला तो तीन कोंबड्या आणि पंधरा अंडी देत असे, हेसुद्धा!

हे कळले कसे, तर एका हिशेबाच्या वहीमुळे. पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या काठाला साँ-जेर्मां-दे-प्रे नावाचे चर्च आजही उभे आहे. आता तो भाग उपाहारगृहांसाठी आणि लेखक-कलावंतांच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्या काळी ते शहराबाहेरचे शेत होते. ‘प्रे’ म्हणजे कुरणच. तिथे मोठा मठ होता आणि मठाच्या मालकीची गावेच्या गावे होती. इर्मिनो नावाचा मठाधिपती होता. इ. स. ८२० च्या सुमारास त्याने या सगळ्या गावांची मोजदाद करवली. जमीन किती, ती कोण कसतो, त्याची बायको कोण, मुले किती, आणि मठाचे देणे काय! वहीचा सगळा भाग आज उरलेला नाही, पण जो उरला आहे त्यात सुमारे दहा हजार माणसांची नोंद आहे. आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यात जनगणना मिसळावी, तसा हा प्रकार. एकोणिसाव्या शतकात बेंजामिन गेरार या फ्रेंच पंडिताने ही वही छापून काढली आणि बाराशे वर्षांपूर्वीची कुळे एकदम उजेडात आली.

बोदोला मात्र खरी प्रसिद्धी मिळवून दिली ती आयलीन पॉवर या इंग्लिश विदुषींनी. १९२४ साली त्यांचे ‘मिडीव्हल पीपल’ हे पुस्तक निघाले. त्याचे पहिलेच प्रकरण बोदोवर आहे. (या बाई १९२०-२१ मध्ये प्रवासाची शिष्यवृत्ती घेऊन आपल्या देशातही येऊन गेल्या होत्या.) वहीतल्या सातआठ ओळींवरून त्यांनी एका कुणब्याचा पुरा दिवस उभा केला. मी इतिहास शिकवायचे तेव्हा मुलांना तो भाग आवर्जून वाचून दाखवायचे. कारण ‘अंधारयुग’ हा शब्द मुलांना फार आवडतो. रोमचे साम्राज्य पडले, दिवे विझले आणि पुढची पाचशे वर्षे कुणी काही केलेच नाही, असे एकदा मनात बसले की ते निघता निघत नाही.

तर बोदोची नोंद काय सांगते? त्याच्याकडे आपल्या मापाने साधारण पंचवीसएक एकर नांगराची जमीन होती. ऐकायला मोठी वाटते. पण तिच्यातली बरीच जमीन दर वर्षी पडीक ठेवावी लागे, नाहीतर तिचा कस जायचा. आणि पीक म्हणाल तर एक पोते पेरावे आणि दोन-तीन पोती घरी यावीत, त्यातले एक पुढच्या पेरणीला बाजूला काढावे, असा मामला होता. बोदो दर वर्षी लष्करासाठी चांदीच्या स्वरूपात दोन ‘सॉलिडस’ देई. मठाच्या रानात डुकरे चारण्याबद्दल दोन मापे वाइन देई. दर तिसऱ्या वर्षी छपरासाठी शंभर लाकडी फळ्या द्यायच्या. कुंपणाचा ठरलेला भाग घालून द्यायचा. हिवाळी पिकासाठी आणि वसंतातल्या पिकासाठी मठाची ठराविक जमीन नांगरून द्यायची. शिवाय दर आठवड्याला दोन वेळा नांगराची वेठ आणि एकदा हातकाम. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस गेले. वर गाडीवेठ वेगळीच. आणि मग त्या कोंबड्या आणि अंडी.

या रुक्ष यादीतच एक मोठा बदल लपलेला आहे. हिवाळी पीक वेगळे आणि वसंतातले पीक वेगळे, असे जे लिहिले आहे ते नीट ऐकावे. शरदात गहू किंवा राय पेरायचा, वसंतात ओट किंवा जव, आणि तिसरा तुकडा पडीक ठेवायचा. जमिनीचे असे तीन भाग करण्याची पद्धत याच सुमारास उत्तर फ्रान्समध्ये रुजत होती. एक पीक बुडाले तर दुसरे हाताशी राहते, आणि नांगरणीचा भारही वर्षभरात वाटला जातो. दुसरे असे, की बोदोकडे पाण्यावर चालणाऱ्या गिरणीचा अर्धा वाटा होता आणि त्याबद्दल तो आणखी दोन सॉलिडस भरत होता. पाणचक्की रोमनांनाही माहीत होती. पण ती खेड्यापाड्यांतून नेमाने फिरू लागली ती या तथाकथित अंधारात. ज्या गावात गिरणी आली, तिथल्या बायांच्या हातचे जाते सुटले. एर्मेनत्रूदला याचे मोल राजाच्या विजयापेक्षा जास्त वाटले असेल, असे मला तरी वाटते.

सॉलिडस हे खरे तर हिशेबापुरते नाव होते. हातात पडायचे ते चांदीचे छोटे नाणे, देनारिउस. बारा देनारिउसचा एक सॉलिडस आणि वीस सॉलिडसचा एक पौंड. पौंड, शिलिंग, पेन्स हा जो हिशेब इंग्लंडात १९७१ पर्यंत चालला, त्याचे मूळ इथे आहे. आपल्या गुप्तकालीन कोरीव लेखांत ‘दीनार’ येतो, तोही याच देनारिउसचा भाऊबंद.

आता खाण्याकडे वळू. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही, मिरची नाही. ही सगळी मंडळी अमेरिकेतून यायची होती. भाकरी, डाळीदाण्यांचे कालवण, कांदा, कोबी, चीज, कधी डुकराचे मांस, आणि वाइन किंवा बिअर. शार्लमेनच्या काळातला राजाच्या शेतवाड्यांसाठी काढलेला एक हुकूमनामा उपलब्ध आहे. त्याच्या शेवटी बागेत काय काय लावावे याची सत्तरहून अधिक वनस्पतींची यादी आहे. ती वाचताना मला फार मौज वाटली. मेथी, धणे, जिरे, बडीशेप, मोहरी, लसूण, कांदे, मुळे, हरभरा, पुदिना! आपल्याच फोडणीच्या डब्याचे झाकण उघडावे तसे. त्यातले जिऱ्यासारखे पदार्थ त्या थंड हवेत उगवले असतील का, हा प्रश्न वेगळा. यादी करणाऱ्याने जुन्या रोमन पुस्तकांवरूनही नावे घेतली असणार. याच हुकूमनाम्यात असेही आहे की लोणी, चीज, पीठ, मोहरी, खारवलेले मांस वगैरे हाताने करायच्या जिनसांत स्वच्छता राखावी आणि द्राक्षे पायाने तुडवू नयेत. पायाने तुडवत असल्याशिवाय असा हुकूम कोण काढेल?

काळी मिरी मात्र त्या बागेत नव्हती. ती यायची आपल्या मलबारातून, अरबी समुद्र ओलांडून, हातोहाती. उत्तर फ्रान्समधल्या कोर्बी मठाला इ. स. ७१६ मध्ये राजाने भूमध्य समुद्रकाठच्या फॉस बंदराच्या जकातीतून दर वर्षी तीस पौंड मिरी घेण्याचा हक्क दिला होता. बोदोच्या ताटात त्यातला दाणाही पडला नसणार, हे सांगायला नको.

कारण बोदोच्या घरी प्रश्न मिरीचा नव्हता, पोटाचा होता. इ. स. ७९३ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पुढच्याच वर्षी, ७९४ मध्ये, शार्लमेनने फ्रँकफर्टच्या सभेत धान्याचे भाव बांधून दिले. एक माप ओटला एक देनारिउस, जवाला दोन, रायला तीन, गव्हाला चार. पीक चांगले असो की नसो, याहून महाग कुणी विकायचे नाही. राजाच्या कोठारातले धान्य आणखी स्वस्त, म्हणजे गहू चारऐवजी तीनला. भाकरीचाही भाव ठरला. एका देनारिउसला दोन पौंड वजनाच्या गव्हाच्या बारा भाकऱ्या, रायच्या पंधरा, जवाच्या वीस, ओटच्या पंचवीस. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माझ्या पिढीला हे आकडे परके वाटत नाहीत. भाव बांधावे लागतात याचा अर्थ धान्य दडवणारेही होतेच!

पाऊस, गारा, वादळ यांपुढे राजाचे काही चालत नव्हते. तिथे वेगळे लोक होते. लियाँचा बिशप आगोबार याने इ. स. ८१५ च्या सुमारास एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो चिडून सांगतो, की गारा आणि वीज माणसे मंत्राने पाडतात असे सगळे मानतात, थोर आणि लहान, शहरी आणि खेडूत. ढगांमधून गलबते येतात, मागोनिया नावाच्या देशातली, आणि गारांनी झोडपलेले पीक विकत घेऊन जातात अशी समजूत होती. एकदा या गलबतांतून पडलेले म्हणून तीन पुरुष आणि एक बाई यांना लोकांनी साखळदंडात धरून आणले होते आणि दगडांनी ठेचून मारणार होते. आगोबारने वाद घालून त्यांचा जीव वाचवला. त्याची खरी तक्रार पुढे आहे. वादळापासून पीक राखतो म्हणणाऱ्यांना शेतकरी खळ्यावरचा वाटा न मागता देतात, आणि चर्चचा दशांश द्यायचा म्हटले की हात आखडतो! दशांश ७७९ च्या फर्मानाने सक्तीचा झालेला होता. मला यात शेतकऱ्याचा अडाणीपणा दिसत नाही. गारा पडल्या तर वर्ष बुडते, हे तो जाणून होता. ज्याने त्याच्या भीतीची दखल घेतली त्याला त्याने दिले, इतकेच.

चर्चकडून त्याला एक गोष्ट मात्र मिळाली, ती म्हणजे रविवार. ७८९ च्या फर्मानात राजाने सांगितले की रविवारी नांगर धरायचा नाही, गवत कापायचे नाही, कुंपण घालायचे नाही, लाकूड तोडायचे नाही. बायांनी विणकाम करायचे नाही, शिवण नाही, मेंढ्यांची लोकर कातरायची नाही, चारचौघांत धुणे धुवायचे नाही. बायांच्या कामांची अशी सविस्तर यादी राजाच्या फर्मानात यावी, याचे मला अप्रूप वाटते. निदान कुणाला तरी ती कामे दिसत होती.

आता त्या वहीतल्या एका गोष्टीकडे येते. प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा दर्जा लिहिला आहे. ‘कोलोनस’ म्हणजे कायद्याने मोकळे, पण जमिनीला बांधलेले कूळ. बोदो आणि एर्मेनत्रूद दोघेही या वर्गातले. ‘सेर्वुस’ म्हणजे दास. आणि ‘लिदुस’ या दोघांच्या मधला. जमिनीच्या तुकड्यालाही असाच दर्जा होता. मोकळ्याचा तुकडा वेगळा, दासाचा वेगळा. पण वही चाळणाऱ्यांच्या लक्षात आले की दोन्हींचा मेळ बसत नाही. मोकळ्याच्या तुकड्यावर दास बसला आहे, दासाच्या तुकड्यावर मोकळे कूळ नांगर धरते आहे. रोमनांच्या काळी दास म्हणजे मालकाच्या वाड्यातली बोलती वस्तू. इथे त्याला घर आहे, बायको आहे, मुले आहेत, ठरलेले देणे आहे. गुलामगिरी कुणी एका दिवशी उठवली नाही. ती नांगराखाली हळूहळू विरत गेली. त्याच वेळी मोकळ्या माणसाच्या पायातही थोडी थोडी बेडी येत गेली.

आणि लग्ने! मुलांचा दर्जा बहुधा आईवरून ठरायचा. एमिली कोलमन या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात या वहीतल्या जोडप्यांचा अभ्यास केला. तिला असे आढळले की खालच्या दर्जाच्या पुरुषाची बायको वरच्या दर्जाची, अशी लग्ने बरीच आहेत. दासाने मोकळी बायको केली की त्याची मुले मोकळी. यात बाईचे काय गेले आणि काय राहिले, हे वही सांगत नाही. पण एका पिढीने सोसून पुढच्या पिढीला एक पायरी वर चढवायची, हा हिशेब या निरक्षर माणसांनी केलेला होता. कोलमनने आणखीही एक मुद्दा मांडला. वहीत मुलींची संख्या मुलग्यांपेक्षा बरीच कमी दिसते. तेव्हा मुली जन्मताच मारल्या जात होत्या की काय? यावर खूप वाद झाला. मुली मोजल्याच नाहीत, नोंद करणाऱ्याला त्यांची गरज वाटली नाही, असे दुसऱ्यांचे म्हणणे. दोन्हींतले कुठलेही खरे धरले तरी मन स्वस्थ राहत नाही.

वही करवली ती मठाने, स्वतःच्या सोयीसाठी. कुळे बदलली, म्हातारी मेली, तरी कोण काय देणे लागतो ते विसरले जाऊ नये म्हणून. पण लिहिलेला कागद (खरे तर चामड्याचे पान) ही काय चीज आहे, हे कुळांच्याही ध्यानात यायला वेळ लागला नाही. अशा तीन हकिकती आहेत.

पहिली ८२८ सालची. आन्तोन्ये गावची कुळे अक्विटेनचा राजा पेपँ याच्या दरबारात पोहोचली. आमच्या वाडवडिलांनी दिले त्याहून जास्त कोर्मेरीचा मठ आमच्याकडून उकळतो, ही तक्रार. मठाने पंचवीसएक वर्षांपूर्वीची नोंद पुढे केली. तीत कुटुंबागणिक देणे लिहिलेले होते आणि ते शपथेवर सांगितलेले होते. नोंद वाचून दाखवली, आणि कुळे हरली.

दुसरी हकिकत ८६१ ची. मित्री गावचे लोक बायकामुलांसह कोंपिएन्यला शार्लमेनचा नातू चार्ल्स याच्यापुढे उभे राहिले. आम्ही जन्माने मोकळी कुळे आहोत आणि साँ-देनीचा मठ आम्हाला दासांची कामे लावतो, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. मठाच्या बाजूने तेवीस साक्षीदार उभे राहिले. हे लोक पहिल्यापासून दासच, असे त्यांनी सांगितले. मित्रीची माणसे हरली आणि तशीच परत गेली. लेकरे घेऊन राजाच्या दारी जायला लागणारे धैर्य मात्र निकालपत्रात नोंदलेले नाही.

हा काळ शांततेचा नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. ८४५ मध्ये उत्तरेकडचे व्हायकिंग लोक लांबट होड्यांतून सेन नदीने थेट पॅरिसपर्यंत आले. साँ-जेर्मांचे भिक्षू आपल्या संताच्या अस्थी घेऊन पळाले. चार्ल्स राजाने सात हजार पौंड चांदी मोजून त्यांना परत पाठवले. ती चांदी शेवटी कुणाच्या घामातून निघाली, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. खेडी ओस पडत होती, माणसे स्थलांतर करत होती, आणि मठांच्या वह्या जुन्या होत होत्या.

तिसरी हकिकत ८६४ ची. याच चार्ल्सने पीत्र येथे एक लांबलचक फर्मान काढले. त्यात नाणी आहेत, किल्ले आहेत, व्हायकिंगांपासून बचाव आहे, आणि मध्येच कुळांबद्दल दोन तक्रारी आहेत. एक अशी, की कुळे आपल्या वाट्याची शेते विकून टाकतात, फक्त घर ठेवतात, आणि मग कुठल्या जमिनीवर किती देणे हेच कळेनासे होते. दुसरी मला फार आवडते. त्या वेळी शेतात मार्ल, म्हणजे चुन्याचा अंश असलेली माती, टाकू लागले होते. जमिनीचा कस वाढवण्याचा हा चांगला उपाय होता. ती माती गाड्यांनी वाहून आणायचे काम कुळांकडे आले. कुळे म्हणाली, वहीत दाखवा! वहीत गाडीवेठ लिहिली आहे, हातकाम लिहिले आहे, ते आम्ही करतो. मार्ल वाहणे कुठे लिहिले आहे?

आणि ते खरेच लिहिलेले नव्हते. वह्या झाल्या तेव्हा बहुधा कुणी मार्ल वाहतच नव्हते, असे खुद्द फर्मानच कबूल करते. खळ्यातल्या मळणीचेही तसेच. तिलाही कुळे नाही म्हणत होती. चार्ल्सने हुकूम दिला, की गाडी जुंपायची असली की जे वाहायला सांगतील ते मुकाट्याने वाहावे आणि हातकाम म्हटले की जे सांगतील ते करावे. नॉर्मन चालून येत असताना, राज्य तीन भावांत वाटले गेलेले असताना, राजाला मातीच्या गाडीसाठी स्वतंत्र कलम लिहावे लागले.